मूर्तीआधीचा बुद्ध

एकवीरेचं दर्शन घेऊन कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरणारा माणूस समोर मूर्ती शोधतो. तिथे असतो स्तूप. भरीव दगडी घुमट, त्यावर दोन हजार वर्षं टिकलेली लाकडी छत्री. प्रदक्षिणा घालायची आणि नमस्कार करायचा, एवढीच इथली पूजा. दर्शनी भिंतीवर बुद्ध दिसतो खरा, पण तो मागाहूनचा. जुन्या दंपतीशिल्पांच्या शेजारच्या जागा काही शतकांनी कोरून त्या मूर्ती बसवल्या आहेत.

सांची-भारहूतच्या शिल्पांतही बोधिवृक्ष, पाउलं, रिकामं आसन असतं, बुद्ध नसतो. असं का, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत मथुरा आणि गांधार इथे मूर्ती रूढ झाली, कनिष्काच्या नाण्यांवर ग्रीक लिपीतल्या नावासह बुद्ध उमटला. सह्याद्रीने मात्र घाई केली नाही. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातला स्तूप साधा आहे. पाचव्या शतकातल्या एकोणिसाव्या आणि सव्विसाव्या लेण्यांत त्याच स्तूपाच्या दर्शनी अंगावर बुद्ध कोरलेला आहे. वेरूळच्या दहाव्या लेण्यात मूर्ती एवढी मोठी झाली, की स्तूप तिच्या मागची पाठराखण वाटावा. पण स्तूप काढून टाकावा, असं तिथेही कुणाला वाटलं नाही.

‘मूर्ती नाही ते हीनयान, मूर्ती आहे ते महायान’ हे आपल्या पाठ्यपुस्तकांतलं सूत्र परीक्षेपुरतं ठीक आहे. शिलालेख वेगळंच बोलतात. कार्ल्याला महासांघिक, नाशिकला सातवाहन राणी गौतमी बलश्रीच्या दानलेखात भद्रायनीय. हे भिक्षूंचे निकाय होते. संघाचे नियम, दीक्षेची परंपरा यांवरून ओळखले जाणारे. महायान हा प्रवाह अशा निकायांच्या आतच वाढला, दुसऱ्या गावाहून आलेला पाहुणा नव्हे.

या बदलाचं माणसाळलेलं रूप पाहायचं तर औरंगाबादच्या सातव्या लेण्याच्या दाराशी थांबावं. मधोमध करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर उभा. दोन्ही बाजूंना लहान चौकटींत आग, दरोडेखोर, बुडणारं जहाज, सिंह, साप, हत्ती, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा धावा करणारी माणसं. व्यापारी मार्गांवरच्या माणसाला निर्वाणाआधी घरी सुखरूप पोचायचं होतं. याला कुणी धर्माचा ऱ्हास म्हणतात. मला तसं वाटत नाही. ज्या धर्माला लोक संकटात हाकच मारत नाहीत, तो फार दिवस टिकत नाही.

विसाव्या शतकात मात्र उलटा प्रवास सुरू झाला. धर्मानंद कोसंबींनी पाली ग्रंथांतून चमत्कारांखाली दबलेला माणूस शोधला. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडलं, ही कथा त्यांना पटली नाही; शाक्य-कोलियांचं रोहिणी नदीच्या पाण्यावरचं भांडण त्यांना जास्त खरं वाटलं. डॉ. आंबेडकरांनीही गृहत्यागाचं कारण तिथेच ठेवलं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी धर्मांतर केलं, आणि बुद्ध विष्णूचा अवतार नाही हे बावीस प्रतिज्ञांत स्पष्ट सांगितलं. त्यांचा बुद्धावरचा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर आला.

दीक्षाभूमीवर आज उभा आहे तोही स्तूपच. फरक एवढाच, की जुने स्तूप भरीव, त्यांच्याभोवती बाहेरून फिरायचं. नागपूरचा पोकळ आहे. लोक थेट आत जातात, आणि आत बुद्धमूर्तीबरोबर बाबासाहेबांच्या अस्थी आहेत.