तळ्यात-मळ्यात पुरे झालं

आधी तो रडका सूर बंद कर आणि माझ्याकडे बघून बोल. फार्मसीला नंबर लागला नाही म्हणून मी चिडलेली नाही. नंबर पुष्कळांचे लागत नाहीत. मी चिडलेय ते वेगळ्याच कारणाने. गेला महिनाभर तू मावशीला विचारलंस, क्लासच्या सरांना विचारलंस, मेडिकलवाल्या काकांना विचारलंस, मोबाईलवर कुणा अनोळखी माणसांनाही विचारलंस की आत्ता बी.एस्सी. घेऊ की पुढच्या वर्षी पुन्हा सीईटी देऊ. पण प्रवेशाची माहितीपुस्तिका एकदा तरी उघडलीस का? नाही ना? चार वर्षं ज्यात घालवायची, ज्यावर पुढचं सगळं पोट चालायचं, त्याचे नियम वाचायला तुला एक दुपार मिळाली नाही!

आणि एवढं विचारून शेवटी ठरवलंस काय, तर बी.एस्सी.ला नाव घालून ठेवायचं आणि सीईटीचा अभ्यास बाजूने करायचा. लागला नंबर तर जायचं, नाही लागला तर बी.एस्सी. आहेच. घरी सगळे म्हणाले असतील, पोरगी हुशार, दोन्हीकडे हात राखून आहे. मी तसं म्हणणार नाही. अशी मुलं मी दरवर्षी बघते. सकाळी प्रॅक्टिकलला उशिरा येतात, जर्नल दुसऱ्याचं उतरवतात, पहिल्या सेमिस्टरला विषय राहतो आणि विचारलं की सांगतात, "बाई, मी सीईटीचं करतेय." एप्रिलमध्ये सीईटी देऊन आल्यावर सांगतात, "बाई, कॉलेजमुळे अभ्यास झाला नाही." दोन्ही कारणं तयार असतात. तुझ्या बेतात मला तेच दिसतंय. तू दोन वाटा मोकळ्या ठेवलेल्या नाहीस, दोन सबबी आधीच शिवून ठेवल्यास.

आता नीट ऐक, कारण हे तुला कुणीच सांगितलेलं दिसत नाही. बी.एस्सी.चं एक वर्षच काय, तिन्ही वर्षं उत्तम गुणांनी पूर्ण केलीस, तरी बी.फार्मला तुला पहिल्या वर्षालाच बसावं लागेल. थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो तो डी.फार्म झालेल्यांना. "केमिस्ट्री तर दोन्हीकडे सारखीच, वर्ष वाया जाणार नाही" असं जे तुला क्लासमध्ये सांगितलं, ते चूक आहे. विषय जवळचा असतो, पण वर्ष मोजून मिळत नाही. फार्मसीचं शिक्षण चालतं १९४८ च्या फार्मसी कायद्याखाली, त्याचा अभ्यासक्रम ठरवते फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया, आणि त्या कायद्याच्या रजिस्टरमध्ये नाव लागल्याशिवाय डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध लोकांच्या हातात द्यायचा अधिकार मिळत नाही. रसायनशास्त्रात सुवर्णपदक मिळवलंस तरी तो अधिकार मिळत नाही. औषध निरीक्षक व्हायचं बोलत होतीस ना दिवाळीत? त्या पदासाठी बी.एस्सी. चालत नाही. हे नियम कुणी लपवून ठेवलेले नाहीत. तू बघितले नाहीस.

काकांचं काय म्हणणं होतं, ते परत सांग. बी.एस्सी. कर, फार्मसिस्टचं सर्टिफिकेट भाड्याने मिळतं, ते भिंतीला लावू आणि दुकान तू सांभाळ. हे तू माझ्यासमोर सहज बोललीस, म्हणून मला जास्त लागलं. ते सर्टिफिकेट काचेत लावायची वस्तू नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारा म्हातारा गुडघे दुखतात म्हणून आणखी एक वेदनाशामक मागतो, तेव्हा त्याला थांबवणारं माणूस काउंटरमागे पाहिजे, म्हणून तो कायदा आहे. मेट्रोनिडाझोल लिहून दिलेल्या माणसाला गोळ्या चालू असेपर्यंत आणि त्यानंतरही काही दिवस दारू शिवायची नाही हे बजावणारं माणूस पाहिजे. तान्ह्या मुलाच्या पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्स आणि सिरप यांची तीव्रता वेगळी असते, हे आईला थांबवून सांगणारं माणूस पाहिजे. भाड्याचं सर्टिफिकेट यातलं काय सांगणार आहे? माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी दुसऱ्याच्या नावावर औषधं देत बसली, तर मी त्या दुकानाची पायरी चढणार नाही. काकांनाही हे सांग. मी म्हणाले म्हणून सांग.

आता तुझा नंबर का लागला नाही, ते बघू. "कटऑफ फार वर गेला" हे मला ऐकवू नकोस. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात फार्मसीची कॉलेजं एवढी वाढलीत की कित्येकांच्या जागा भरत नाहीत. तुझा ऑप्शन फॉर्म मी बघितला. कराडचं शासकीय महाविद्यालय, मुंबईतलं कालिन्याचं, पुण्यातली दोन-तीन नावं, आणि खाली सगळं रिकामं. सगळी नामांकित कॉलेजं भरलीस आणि आपल्या पर्सेंटाइलला जे मिळू शकलं असतं ते एकही भरलं नाहीस. का? मैत्रिणीने तेच भरलं म्हणून! म्हणजे फार्मसीने तुला नाकारलेलं नाही, तुला ठरावीक कॉलेजांनी नाकारलंय. हा फरक तुला महिनाभरात कळला नाही, आणि त्या न कळण्यावर तू वर्षभराचा निर्णय उभा करायला निघालीस.

मिळेल ते कॉलेज घे असं मी म्हणत नाही, हेही लक्षात ठेव. प्रयोगशाळेत पुरेशी काचसामग्री नाही, शिकवणारे दर सहा महिन्यांनी बदलतात, अशा ठिकाणी चार वर्षं काढण्यापेक्षा एक वर्ष थांबलेलं बरं. कॉलेजला कौन्सिलची मान्यता फार्मसी कायद्याच्या बाराव्या कलमाखाली आहे का, ते आधी तपासायचं असतं. ती नसेल तर पदवी हातात येईल, पण रजिस्टरमध्ये नाव लागणार नाही. मग तिथे जाऊन बघायचं, शिकणाऱ्या मुलांशी बोलायचं. तू एका तरी कॉलेजच्या फाटकापर्यंत गेलीस का?

पुन्हा सीईटी द्यायची असेल तर गुणपत्रक समोर ठेव आणि खरं बोल. जीवशास्त्राचा पर्सेंटाइल बरा आहे, रसायनशास्त्र ठीक आहे, भौतिकशास्त्राने तुला बुडवलंय. भौतिक आणि रसायन मिळून शंभर प्रश्न, वेळ नव्वद मिनिटं. प्रश्नाला एक मिनिटसुद्धा येत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तरी तू भौतिकचे प्रश्न कोरे सोडून आलीस, हे तूच मला सांगितलंस. ऐकून मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला! आणि साधारण वीस टक्के भाग अकरावीचा असतो. ती अकरावी तू कशी काढलीस, हे आपल्या दोघींनाही माहीत आहे. तर मग पुढच्या वर्षी नेमकं काय बदलणार आहे? तेच पुस्तक, तोच क्लास, तीच भौतिकशास्त्राची भीती, आणि वर बी.एस्सी.चं ओझं. नुसतं कॅलेंडर बदललं म्हणून पर्सेंटाइल वाढत नसतो. रिपीट करायचं तर सगळं सोडून कर. अकरावीच्या पहिल्या धड्यापासून भौतिकशास्त्र माझ्या शेजारच्या सरांकडे बसून कर. ते शिकवतील, मी शब्द टाकते. पण तसं करणार नसशील तर रिपीट हा शब्द तोंडातून काढू नकोस.

आणि बी.एस्सी.ला तू जे "नाहीतर आहेच" म्हणालीस, त्याचा मला सगळ्यात जास्त राग आलाय. मी आयुष्यभर हाच विषय शिकवला. तो कुणाची धर्मशाळा नाही. सिप्ला १९३५ साली ज्यांनी काढली, ते ख्वाजा अब्दुल हमीद रसायनशास्त्रज्ञ होते. औषधाचा मूळ रेणू तयार करायचा, तो स्वस्तात आणि शुद्ध कसा करायचा हे शोधायचं, तर बल्क ड्रगच्या कारखान्यांना ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेली माणसं लागतात. कुरकुंभला जा, तारापूरला जा, गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत एचपीएलसी यंत्रासमोर कोण उभं आहे ते बघ. इंजेक्शनं बनवणाऱ्या कारखान्यात निर्जंतुकतेची चाचणी कोण करतं? सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली मुलं करतात. कारखान्यात ज्याच्या देखरेखीखाली औषध तयार होतं, त्या माणसाची पात्रता १९४५ च्या औषध नियमांत लिहिलेली आहे. फार्मसीचा पदवीधर असेल तर दीड वर्षाचा अनुभव, रसायनशास्त्र मुख्य विषय घेतलेला विज्ञानाचा पदवीधर असेल तर तीन वर्षांचा. वाट लांब आहे, पण ती आहे आणि मानाची आहे. मात्र नुसत्या बी.एस्सी.वर थांबलीस तर ती फार पुढे जात नाही. एम.एस्सी. धरून पाच वर्षं मनात ठेवूनच त्यात पाऊल टाकायचं.

तुझ्या हाताला टायट्रेशन येतं. बारावीच्या वर्गात शेवटच्या थेंबाला कॉक बंद करणारी जी थोडी मुलं होती, त्यात तू होतीस. तू रसायनशास्त्राला आलीस तर मला आनंदच होईल. पण फार्मसी मिळाली नाही म्हणून तोंड पाडून येणार असशील तर येऊ नकोस. त्या बाकावर बसायला मनापासून आलेलं दुसरं कुणीतरी असेल.

आता जी वाट तुला कुणी दाखवलीच नाही, ती सांगते. तुला खरोखर काउंटरमागे उभं राहायचं असेल, लोकांना औषध समजावून द्यायचं असेल, तर डी.फार्मचं काय? त्याला सीईटी लागत नाही, बारावीच्या गुणांवर प्रवेश होतो, आणि तुझे बारावीचे गुण चांगले आहेत. दोन वर्षांचा अभ्यास, त्यानंतर किमान पाचशे तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण, आणि मग कौन्सिलच्या बाकी अटी पूर्ण करून स्वतःच्या नावावर नोंदणीसाठी उभं राहता येतं. भाड्याचं सर्टिफिकेट नको, कुणाची मेहेरबानी नको. पुढे शिकायचं तर गुण चांगले ठेव आणि बी.फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला जा. हिशेब कर. एक वर्ष रिपीट आणि चार वर्षं बी.फार्म, झाली पाच. दोन वर्षं डी.फार्म आणि तीन वर्षं बी.फार्म, तीही पाचच. प्रशिक्षणामुळे थोडे महिने इकडेतिकडे होतील. पण या दुसऱ्या वाटेवर मध्येच घरी अडचण आली, तरी हातात पोट भरण्याची पात्रता असेल. तू "डिप्लोमा" ऐकून नाक मुरडलंस, ते मला दिसलं. ते नाक सरळ कर. चिठ्ठी वाचून औषध देणाऱ्या माणसाला तुझी आजी किती मानते, ते तिला विचार.

माझं मत विचारशील तर तुझ्यासाठी हीच वाट मला सरळ वाटते, कारण तुला माणसांशी बोलायला आवडतं आणि भौतिकशास्त्राशी तुझं वर्षभर पटेल असं मला वाटत नाही. पण निर्णय तुझा. मी रागावले म्हणून डी.फार्म घेतलंस, असं पुढे म्हणायचं नाही.

पैशाचंही बोलते, कारण तुझे बाबा ते बोलणार नाहीत, गुपचूप कर्ज काढतील. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेऊ म्हणतात ना ते? जुलै २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असेल तरच. मॅनेजमेंट कोट्यात गेलीस की ती सवलत गेली. चार वर्षांत हा फरक लाखांत जातो. हे त्यांना आजच सांग, सही करून आल्यावर सांगून उपयोग नाही. आणि जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अजून केला नाहीस, हे खरं का? मान डोलवू नकोस, बोल. नॉन-क्रिमिलेअर तरी काढलंय का? कागद वेळेवर नाही म्हणून हातातली जागा गेलेली मुलं मी बघितलीत. ती अभ्यासात तुझ्या पुढे होती.

सोमवारी दहा वाजता बाबांना घेऊन ये. सीईटीचं विषयवार गुणपत्रक, ऑप्शन फॉर्मची प्रत आणि बारावीचं मूळ गुणपत्रक बरोबर हवं. त्याआधी माहितीपुस्तिका स्वतः वाच, आणि डी.फार्मच्या अर्जाची शेवटची तारीख बघून वहीत लिहून आण. बी.एस्सी.ची फी अजून भरू नकोस. शाळा सोडल्याचा दाखला एकदा तिकडे जमा केलास की काढून घ्यायला चार हेलपाटे पडतात. आणि एका कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहून आण की दहा वर्षांनी सकाळी उठून कोणतं काम करायला जायचंय. काउंटर, कारखाना, प्रयोगशाळा की आणखी काही. मावशीला न विचारता लिही. तो कागद नसेल तर बाबांना हेलपाटा घालू नकोस, मी त्यांच्याशी बोलणार नाही.