ध्वज आणि ध्वजाचे चित्र

ध्वजाचे चित्र काढले, तर तो ध्वज होतो काय? प्रश्न वरवर पोरकट वाटतो. परंतु अमेरिकन चित्रकार जॅस्पर जॉन्स यांनी १९५४-५५ साली ‘फ्लॅग’ हे चित्र रंगविले, तेव्हा जाणत्यांनाही त्याने पेचात टाकले. लांबून पाहावे तर १३ पट्टे आणि ४८ तारे. (अलास्का व हवाई ही राज्ये १९५९ मध्ये सामील व्हायची होती.) जवळ जावे तर वितळलेल्या मेणात कालविलेला रंग आणि त्याआडून डोकावणारे वर्तमानपत्राचे कपटे. मेणबत्त्यांशी जन्माची ओळख असलेल्या आपल्या घरांना मेणाचा तो जाडसर थर परका वाटणार नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचे आल्फ्रेड बार यांना १९५८ साली हे चित्र हवे होते. पण देशभक्तांचा रोष ओढवेल या धास्तीने संग्रहालयाने ते घेतले नाही. वास्तुशिल्पी फिलिप जॉन्सन यांनी ते विकत घेतले आणि १९७३ मध्ये संग्रहालयास दिले.

चित्रातल्या ध्वजाचे बरेवाईट खऱ्या ध्वजाला लागते, ही समजूत त्या धास्तीमागे होती. आम्हां कॅथॉलिकांना ती हसण्यावारी नेता येत नाही. प्रतिमेस दिलेला मान मूळ व्यक्तीस पोचतो, असा निर्वाळा नायसियाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने ७८७ सालीच दिला आहे. मग अवमानही पोचतो काय? आणि ध्वजाच्या बाबतीत तो कोणाला पोचतो?

१९८९ साली शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या कलाशाळेत ड्रेड स्कॉट या विद्यार्थी-कलावंताने भिंतीवर छायाचित्रे लावली. त्यांत अमेरिकेचा ध्वज जाळणारे दक्षिण कोरियन विद्यार्थी होते, तशाच ध्वजात लपेटलेल्या शवपेट्याही होत्या. खाली फळीवर अभिप्रायवह्या आणि त्यांपुढे जमिनीवर अंथरलेला खराखुरा ध्वज. लिहायचे तर त्यावर पाय द्यावा, नाहीतर कडेने वाकून लिहावे. त्याच वर्षी निषेधार्थ ध्वज जाळणे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मोडते, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी दिला.

कायद्याचा प्रश्न तेथे मिटला. आमचा मिटत नाही. ज्या मातेच्या मुलाची पेटी त्या वस्त्राखाली घरी आली, तिच्यादेखत आम्ही त्यावर उभे राहून लिहू काय? नाही लिहिणार. अवमान पोचतो तो तिला. परंतु त्या पेट्यांची छायाचित्रे न पाहताच कडेने निघून जावे आणि त्याला ध्वजाचा मान म्हणावे, हेही मनास पटत नाही.

माजी सैनिक तेथे येत, ध्वज उचलून रीतसर घडी घालीत आणि फळीवर ठेवीत. तो पुन्हा अंथरला जाई.