समाधान कुणाला विचारता?

कामात समाधान आहे का, असं सफाई कामगाराला विचारतात. तो हो म्हणतो. म्हणणारच. कायम नोकरी आहे, पगार आहे. पण ज्यानं काम निवडलंच नाही त्याच्या 'हो'ची किंमत किती धरायची?

मी सूतगिरणीत राबतो, म्हणून हा हिशेब मला कळतो. मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराचं साचेखातं आमच्या लोकांना बंद होतं. कांडी बदलली की धोट्यातून धागा तोंडानं ओढायचा, अन् आमच्या थुंकीनं बाकीचे बाटायचे! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांपुढं टाकला.

आता दुसरं दार बघा. लाड समितीच्या शिफारशी सरकारनं 1975 साली मानल्या. सफाई कामगार निवृत्त झाला, मेला, की नोकरी वारसाला. हे दार रात्रंदिवस उघडं. मी या हक्काच्या विरुद्ध नाही. कंत्राटदार टपलेला असताना कायम नोकरी सोडा, असं भरल्या पोटानं कुणी सांगू नये. पण कलेक्टरची खुर्ची वारसानं मिळत नाही, झाडू मिळतो. त्यालाच वर पवित्र सेवा म्हणायचं!

गटारात मेलेल्याच्या घरच्यांना भरपाई सुप्रीम कोर्टानं 2014 साली 10 लाख ठरवली, 2023 साली 30 लाख केली. जिवंतपणी मास्क कुठाय?

समाधानाचं सोडा. पोरगी हेच करील का, एवढंच मी शेजारच्या झाडूवाल्या मावशीला विचारलं. "मेले तरी नाही," म्हणाली. अन् पोरीच्या क्लासची फी भरायला पहाटे हजेरीला गेली.