पियानो वाजतो, वाजवतो कोण?

प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात निर्जीव वाद्यांचा एक साधा दाखला दिला आहे. पावा असो वा वीणा, तिच्या नादांत भेदच नसेल तर ऐकणाऱ्याला चाल ओळखू कशी यावी, असे तो विचारतो. तेथे विषय अन्य भाषांचा आहे, हे आम्ही विसरलो नाही. तरी गेले काही महिने तो दाखला आमच्या मनात अगदी शब्दशः घोळत आहे. अंबरपेठेत आमच्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबाकडे आपोआप वाजणारा पियानो आला आहे, आणि त्यांच्या घरच्या बुधवारच्या प्रार्थनासभेत तो लावावा की नाही, यावर मंडळीत दोन तट पडले आहेत.

या सभेत पेटी वाजवणाऱ्या बाई मुलीकडे पुण्यास राहावयास गेल्या. दुसरे कोणी वाजवणारे नाही. घरातील तरुण भाच्याने इंटरनेटवरून गीतांच्या चालींच्या मिडी फाइली उतरवून घेतल्या आणि पियानोला लावल्या. एक वयोवृद्ध सभासद म्हणाले, "यंत्राकडून स्तुती करवून घेणे म्हणजे गड्याकडून उपास करवून घेण्यासारखे आहे!" तरुणांचे म्हणणे, "सूर तर अचूक लागतात ना?" दोन्ही बोलणी चटकदार आहेत, पण ते यंत्र प्रत्यक्षात करते काय, हे पाहण्याची तसदी कोणत्याच बाजूने घेतली नाही.

मिडी फाइल म्हणजे ध्वनिमुद्रण नव्हे. वाद्ये बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून १९८३ साली ठरवलेली ती एक सांकेतिक भाषा आहे. तीत आवाज मुळीच नसतो, असतात त्या केवळ आज्ञा. अमुक क्रमांकाची पट्टी दाब, इतक्या जोराने दाब, आता सोड. पियानोच्या ८८ पट्ट्यांना २१ ते १०८ हे क्रमांक दिले आहेत, आणि जोर १ ते १२७ या आकड्यांत सांगायचा असतो. पियानो त्या आज्ञा निमूटपणे पाळतो.

कल्पना नवी नाही. अमेरिकेत एडविन व्होटी यांनी १८९५ च्या सुमारास पियानोला नावाचे यंत्र बनवले. भोके पाडलेल्या कागदाची गुंडाळी त्यावरून सरके, आणि पायाने भाता मारणारा मनुष्य हाताच्या दांडीने लय कमीजास्त करी. पुढे जर्मनीत वेल्टे कंपनीने १९०४ साली अशी युक्ती काढली की वादकाने स्वतः वाजवलेले, त्याच्या चढउतारांसह, कागदावर उतरावे. १९०५ साली माहलर व १९०६ साली ग्रीग या संगीतकारांनी त्यासाठी वादन केले. म्हणजे गुंडाळ्या दोन जातींच्या झाल्या. एक लिखित स्वरलिपीवरून पट्टीने मोजून भोके पाडलेली, दुसरी खऱ्या हातांची खूण राखणारी. आजच्या मिडी फाइलींतही नेमक्या याच दोन जाती आहेत.

येथे एक गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. माहलरची गुंडाळी नीट न जुळवलेल्या पियानोवर लावली तर वादन घाईचे आणि लाकडी वाटते. ऐकणारा म्हणतो, "यंत्राला आत्मा नाही," किंवा त्याहून वाईट म्हणजे, "माहलरला वाजवता येत नसावे." गैरहजर मनुष्याच्या नावावर आपण आपला निष्काळजीपणा खपवला. खोट्या साक्षीविषयीची आज्ञा इथवर पोहोचते काय? आम्ही म्हणतो, पोहोचते. (फाइल फुकट मिळाली म्हणून तीत कोणाचे श्रम नाहीत असेही नव्हे. चाल जुनी असली तरी स्वरयोजना कोणाची आहे आणि ती वापरण्यास मुभा आहे काय, हे पाहावयास हवे.)

आता "सूर अचूक" याविषयी. पहिल्या बुधवारी काय झाले ते सांगतो. फाइलीत ढोलाचा भाग होता. अशा फाइलींत सोळांपैकी दहावी वाट तालवाद्यांसाठी राखलेली असते. पियानोला तसे बजावून ठेवले नव्हते, तेव्हा ढोलाच्या आज्ञा खालच्या पट्ट्यांवर धाडधाड आदळल्या. ते काढून टाकल्यावर दिसले की सर्व स्वरांचा जोर एकच आहे, त्यामुळे मुख्य चाल कोणती हे कळेना. पौलाचा दाखला तो हाच! जोर सरसकट कमी केला, तर काही पट्ट्या हलल्या पण बोलल्या नाहीत, कारण फार हळू ढकललेला हातोडा तारेपर्यंत पोहोचतच नाही.

याहून बारीक दोष चार आवाजांच्या गीतांत निघाला. दोन आवाज क्षणभर एकाच स्वरावर येतात. गाणाऱ्यांना त्यात अडचण नसते. पियानोला मात्र त्या स्वराची पट्टी एकच. एका आवाजाने "सोड" म्हटले की पट्टी उठते, आणि दुसऱ्याचा लांबवलेला स्वर मध्येच तुटतो. तसेच एक स्वर लागोपाठ दोनदा असला तर पट्टीला वर यायला अवधी हवा. कागदावर तो अवधी लिहिलेला नसतो, म्हणून दुसरा ठोका गळतो.

यामाहाच्या डिस्क्लाव्हिअर पियानोत तर आणखी एक मौज आहे. जोराने सुटलेला हातोडा तारेवर लवकर पोहोचतो, हळू सुटलेला उशिरा. म्हणून बाहेरून आलेल्या सर्व आज्ञा तो सुमारे अर्धा सेकंद रोखून धरतो आणि हळू जाणाऱ्यांना आधी सोडतो, म्हणजे सारे वेळेवर पोहोचतात. ही सबुरी आमच्या कित्येक गायनमंडळांना अजून यावयाची आहे.

भाचा चार संध्याकाळ बसला. आवाज एकत्र केले, तुटणारे स्वर लांबवले, लागोपाठच्या स्वरांत फट ठेवली, चालीचा जोर वाढवला, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वासापुरती जागा केली. मूळ फाइलीत तीन कडवी होती, आमच्या मराठी गीतात पाच, तीही वाढवली. हे वादन नव्हे काय? आमच्या मते हे वादनच आहे, फक्त आदल्या दिवशी केलेले. सालारजंग संग्रहालयातील घड्याळात दर तासाला एक चिमुकला दाढीवाला बाहेर येऊन टोले देतो. गर्दी त्याला पाहावयास जमते, पण वेळ राखणारा तो नव्हे, हे लहान मुलालाही कळते. यंत्र उपासना करीत नाही हे खरेच; पेटीही करीत नव्हती.

मग त्या वृद्ध सभासदांचे म्हणणे फोल ठरले काय? तसे म्हणवत नाही. पुढल्या एका बुधवारी चौथ्या कडव्यात एका विधवा भगिनीचा कंठ दाटून आला. शेजारच्या दोघी थांबल्या. पेटीवाल्या बाई असत्या तर त्यांनी भाता हलका करून सूर नुसता धरून ठेवला असता. पियानो पाचव्या कडव्यात शिरला. आदल्या दिवशीची कितीही मेहनत या क्षणाला उपयोगी पडत नाही. आज्ञापालनात यंत्राची काहीच कसूर नव्हती. त्या घटकेला उत्तरदायी असे कोणी तेथे बसलेले नव्हते, एवढेच. जुन्या पियानोलाजवळ निदान दांडी धरणारा एक मनुष्य तरी असे.

नारायण वामन टिळकांच्या भजनांना आम्ही हा पियानो लावू नये असे सुचवले. मींड येत नाही हे कारण पुष्कळ जण देतात, पण ती पेटीवरही येत नाही. खरे कारण असे की भजनात गाणारा एखादी ओळ मनास येईल तितक्या वेळा घोळवतो, आणि किती वेळा हे त्याला स्वतःलाच आधी ठाऊक नसते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना मात्र या यंत्राचा एक उपयोग आवर्जून सांगावासा वाटतो. चाल व साथ वेगवेगळ्या वाटांवर ठेवली तर अशा पियानोवर चाल बंद करून नुसती साथ चालू ठेवता येते. अंबरपेठेच्या त्या घरी अकरा वर्षांची एक मुलगी आता चालीचा भाग एका बोटाने वाजवते, बाकीचा पियानो वाजवतो, आणि भाचा थांबवण्याच्या बटणावर हात ठेवून शेजारी बसतो. तिसऱ्या ओळीत ती अजून अडखळते. तेव्हा तो बटण दाबतो, आणि मंडळी तिला पट्टी सापडेपर्यंत थांबते.