चार किलोमीटर

उसाचा गळीत हंगाम ऐन भरात होता. नेवासा रोडवर ट्रॉल्यांची रीघ लागलेली, आणि रस्त्यालगतच्या एका मंगल कार्यालयाच्या रिकाम्या आवारात एकाच मॉडेलच्या डझनभर गाड्या उभ्या. श्रीरामपुरातले हे गाडीवाले अधूनमधून रविवारी जमतात. मिसळ, चहा, मग कुणाचा क्लच जड झालाय, कुणाचं ॲव्हरेज पडलंय, अशी सुखदुःखं.

त्या दिवशी सगळे एका पोराभोवती गोळा झाले होते. पॉलिटेक्निकमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या त्या पोरानं एक यंत्र मागवलं होतं. काडेपेटीएवढं, हजाराच्या आतलं. मूळ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची, ही तिची स्वस्त नक्कल. स्टिअरिंगखाली 16 पिनांचं सॉकेट असतं, त्यात खोचायचं आणि ब्लूटूथनं मोबाईलला जोडायचं, की इंजिनच्या कॉम्प्युटरनं नोंदलेले दोष स्क्रीनवर येतात. आपल्याकडे 2013 पासूनच्या गाड्यांत ही ओबीडी-टूची सोय असते. एअरबॅग, एबीएस वगैरे मात्र असल्या यंत्राला सहसा कळत नाही. स्वस्तात मिळतं ते इंजिनापुरतं.

खताच्या दुकानाचे शेठ मुद्दाम पुढे सरसावले. त्यांची 2015 ची गाडी विकायची होती आणि घेणारे नाना समोरच उभे होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, मितभाषी. सौदा तोंडी ठरलेला, बयाण्याचं पाकीट नानांच्या खिशात.

पोरानं यंत्र लावलं. “एकही कोड नाही. गाडी ओके!”

“मी काय म्हणत होतो?” शेठ खुलले. “कालच शिर्डीला जाऊन आलो. तक्रार म्हणून नाही.”

लोकांनी नानांचं अभिनंदनसुद्धा करून टाकलं. नाना म्हणाले, “बाळा, आपल्या स्टेशनवर पाटी बेलापूरची, आणि उतरायचं श्रीरामपुरात. एक पाटी वाचून भागत नाही. त्या मोबाईलवर आणखी काय दिसतं?”

पोरानं बोट सरकवलं. पुढच्या पानावर एक ओळ होती: कोड पुसल्यापासून चाललेलं अंतर, 4 किलोमीटर. त्याखाली चाचण्यांची यादी, आणि बहुतेकींपुढे ‘अपूर्ण’.

पोराचा आवाज खाली आला. “नाना, कोड पुसले की कॉम्प्युटर या चाचण्या पहिल्यापासून करतो. त्यासाठी गाडी थंड असताना सुरू करून, कधी गावात, कधी हायवेला, नीट चालवावी लागते. तोवर कोड नाही म्हणजे अजून तपासणीच झालेली नाही.”

“अरे, सकाळी बॅटरी बदलली!” शेठ घाईघाईनं म्हणाले. “बॅटरी काढली तरी मेमरी जातेच ना?”

“जाते,” पोरगा म्हणाला. ते खरंच होतं, त्यामुळे सगळे गप्प बसले.

“मग बोनेट उघडा,” नाना म्हणाले.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरव्या पावडरीचा जाड थर बसला होता. नटावरही तोच. कित्येक महिन्यांत त्याला पाना लागलेला नाही, हे सांगायला यंत्र नको होतं. नानांनी नखानं थोडी पावडर खरवडली, बोटं रुमालाला पुसली आणि चकार शब्द काढला नाही. शेठना त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

एव्हाना पोराला आणखी एक पान सापडलं होतं. “पेंडिंगमध्ये एक कोड आहे, पी 0135. ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचं सर्किट. दोष एकदा दिसला की कच्च्या वहीत जातो, पुन्हा दिसला की पक्क्यात, आणि मग दिवा लागतो.”

कच्ची वही, पक्की वही म्हटल्यावर शेठनी मान खाली घातली. डॅशबोर्डवरचा दिवा पंधरवड्यापासून लागत होता. सेन्सर बदलायचा तर पाच-सात हजार जातील, या भीतीनं त्यांनी सकाळी एका गॅरेजमधून तो घालवून आणला होता. गॅरेज ते कार्यालय, बरोबर 4 किलोमीटर.

जमलेल्यांत एक जुने फिटर होते, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी इंजिनामागे हात घातला आणि मूठभर पाचट बाहेर काढलं. त्यात उंदराच्या लेंड्या. फड तुटला की उंदरांनाही नवं घर लागतं, आणि उभ्या गाडीचं गरम इंजिन त्यांना फार आवडतं. सेन्सरकडे जाणारी वायर कुरतडून तांबं उघडं पडलं होतं. सेन्सर शाबूत होता. मामांनी वायरीचा तुकडा जोडला, वर उष्णता सोसणारी नळी चढवली. सामानाचा खर्च दोन प्लेट मिसळीपेक्षा कमी.

“झालं ना आता, नाना?” शेठ म्हणाले. “दहा हजार कमी द्या.”

“वायर झाली. सर्व्हिसचं बुक कुठंय? इन्शुरन्सचा क्लेम कधी घेतला होता का?”

“वीस कमी द्या.”

“पैशाचं नाही हो. दोन-तीनशे किलोमीटर चालवा, काही पुसू नका, आणि कागद घेऊन या. मग बघू.”

पाकीट खिशातच राहिलं. तिकडे दोघं पोराची बाही ओढत होते. दोघांनी गेल्या वर्षीच जुन्या गाड्या घेतल्या होत्या, आणि मघाशी यंत्रानं त्यांनाही ओके म्हटलं होतं.

“आमचं ते दुसरं पान दाखव ना, भाऊ.”