भिंतीआडची ओल

न्यायाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे न्यायालय, सावकार, मालक आणि मजूर उभे राहतात. घरातले न्हाणीघर कोणाच्याही मनात येत नाही. तथापि, शेजाऱ्यावर अजाणता होणारा अन्याय म्हणजे काय आणि तो अजाणतेपणा कुठवर निर्दोष मानावा, हे समजून घेण्यास न्हाणीघरातील झिरपणाऱ्या पाण्याइतका चांगला गुरू क्वचितच सापडेल.

या पाण्याची रीत आधी पाहू. फरशांच्या सांध्यांत भरलेले पांढरे सिमेंट कालांतराने झिजते. भिंतीत गाडलेला लोखंडी नळ आतून गंजतो. नहाणी ट्रॅप आणि भोवतालचा कोबा यांमधला सांधा सुटतो. वरून मात्र सर्व काही चकचकीत दिसत असते. फरशीखाली विटांच्या तुकड्यांचा जो कोबा भरलेला असतो, तो पाणी शोषून धरून ठेवतो आणि पुढे सावकाश सोडत राहतो. सेकंदाला एकच थेंब गळतो असे समजू या. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तरी दिवसाकाठी चार लिटरांहून अधिक आणि वर्षाकाठी सुमारे दीड हजार लिटर पाणी भिंतीत मुरते. ते स्लॅबमधील सळईपर्यंत पोहोचले की सळई गंजू लागते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते, म्हणून तो आतून रेटा देतो आणि काँक्रीटच्या खपल्या पडू लागतात. एवढे होईपर्यंत खुणा दिसतात त्या लहानसहान: ठोकून पाहिल्यावर एखादी फरशी पोकळ वाजते, दाराची चौकट पायाशी कुजते, पलीकडच्या खोलीच्या भिंतीला लोणा लागतो, कुबट वास येतो.

आपल्या वाडवडिलांच्या घरी न्हाणी बहुधा परसदारी असे. तिचे पाणी उघड्या पन्हळीतून अळवाला आणि केळींना जाई. ते कोठे जाते हे सर्वांना दिसत असे आणि त्याने कोणाचे नुकसान होत असेल तर तेही दिसत असे. आज आपल्यापैकी अनेकजण सदनिकांमध्ये राहतात. तेथे एकाची जमीन ही दुसऱ्याचे छप्पर असते. वरच्या घरी आंघोळी होतात आणि खालच्या घरी पाळण्यावरच्या छताला पोपडे येतात. आपण एकमेकांच्या इतके निकट राहू लागलो, पण आपल्या कृतींचे परिणाम मात्र आपल्या नजरेआड गेले. खरा नैतिक प्रश्न येथे सुरू होतो.

पहिला प्रश्न असा की, ज्याला ठाऊकच नाही तो दोषी कसा? ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्राने याचे उत्तर फार पूर्वीच दिले आहे. अज्ञान दोन प्रकारचे असते. एक, प्रामाणिक प्रयत्न करूनही दूर न होणारे. त्याचा दोष माणसाला लागत नाही. दुसरे, थोडी चौकशी केली असती तर दूर झाले असते असे; त्याचा दोष लागतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात हाच भेद सदसद्विवेकबुद्धीला लावला. ती बुद्धी अटळ अज्ञानामुळे चुकली तरी आपली प्रतिष्ठा गमावत नाही; परंतु जो सत्याचा शोध घेण्याची पर्वाच करीत नाही त्याच्याबाबतीत असे म्हणता येत नाही. भिंतीच्या आत काय चालले आहे हे न कळणे हे पहिल्या प्रकारचे अज्ञान होय. परंतु खालच्या मजल्यावरील शेजारीण दोनदा येऊन सांगून गेली, तरीही ‘पावसाळ्यात ओल येतेच’ असे म्हणून आपण दार लावून घेतले, तर त्या क्षणापासून ते अज्ञान आपल्या निवडीचे झाले. आपल्याला ठाऊक नाही असे नव्हे, ठाऊक करून घ्यायचे नाही, असा त्याचा अर्थ होतो.

दुसरा प्रश्न सांगण्याचा. घर विकावयास काढले आहे. भिंतीवर पुट्टी आणि रंग चढवला आहे. विकत घेणारे एक नवविवाहित जोडपे आहे. ओलीविषयी त्यांना सांगावे काय? हा प्रश्न मुळीच नवा नाही. ख्रिस्तजन्मापूर्वी 44 साली रोमन विचारवंत सिसेरो याने कर्तव्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात असेच एक घर विक्रीला काढले होते. त्यातील दोष केवळ मालकाला ठाऊक होते आणि मौन हा लबाडीचा प्रकार ठरतो काय, यावर त्याने दोन तत्त्वज्ञांचे मतभेद मांडले. त्याचा स्वतःचा कौल सांगण्याच्या बाजूने पडला. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी याला नेमके रूप दिले. दोष उघड दिसणारा असेल आणि किंमत त्या मानाने कमी घेतली असेल, तर विक्रेत्याने तो मुद्दाम सांगितलाच पाहिजे असे नाही. परंतु दोष गुप्त असेल आणि त्यातून घेणाऱ्याला धोका किंवा हानी पोहोचणार असेल, तर तो सांगणे हे न्यायाचे बंधन आहे. त्यांनी दिलेल्या उदाहरणांत मजबूत म्हणून विकलेले मोडकळीस आलेले घरही आहे. रंगाचा डबा हातात घेण्यापूर्वी आपण हा निकष मनाला लावून पाहावा. भिंत सुकल्यावर दिलेला रंग ही शोभा होय. ओल्या भिंतीवर, ती ओली आहे हे जाणून, गिऱ्हाइकासाठी दिलेला रंग हे असत्य होय, मग तोंडाने आपण एक शब्दही उच्चारलेला नसो.

तिसरा प्रश्न दुरुस्तीचा. लेवीयच्या चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतीला लागलेल्या चट्ट्याविषयी सविस्तर नियम आहेत. वाचताना ते कंटाळवाणे वाटतात खरे, पण त्यांतील क्रम विचार करण्याजोगा आहे. घराचा धनी स्वतः होऊन याजकाकडे जातो. याजक येण्यापूर्वी घर रिकामे करू दिले जाते, म्हणजे आतील चीजवस्तू अशुद्ध ठरू नयेत. हिरवट किंवा तांबूस चट्टा भिंतीच्या पृष्ठभागापेक्षा खोल गेला आहे काय, हे पाहिले जाते. मग घर सात दिवस बंद ठेवतात. घाईने निकाल दिला जात नाही. चट्टा पसरला असेल तर तेवढे दगड काढून गावाबाहेर टाकतात, भिंती आतून खरवडतात, नवे दगड बसवतात आणि नवा गिलावा करतात. इतके करूनही तो परतला तरच घर पाडायचे. जाणते गवंडी आणि प्लंबर आजही याच वाटेने जातात. आधी उगम शोधायचा. ट्रॅप बंद करून, पाणी साठवून, निदान दिवसभर खाली लक्ष ठेवायचे. मग फोडायचे, नळ वा सांधा बदलायचा, कोबा सुकू द्यायचा, जलरोधक थर देऊन पुन्हा पाण्याची परीक्षा घ्यायची आणि सर्वांत शेवटी फरशी बसवायची. हा क्रम उलटा केला की पुढच्या पावसाळ्यात तोच डाग पुन्हा उमटतो.

आपले न्हाणीघर कोरडे झाले म्हणजे काम संपले असे मात्र नाही. खालच्या घराचे छत अजून काळवंडलेलेच असते. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामायिक नळांची गळती संस्थेकडे सोपवली असून यादीबाहेरच्या दुरुस्त्या सभासदाने स्वखर्चाने करायच्या असतात. नियम एवढे सांगतो; शुभवर्तमान त्यापुढे जाते. जक्कयाने प्रभूपुढे केवळ पश्चात्ताप व्यक्त केला नाही, ज्याचे लुबाडले असेल त्याला चौपट परत देण्याची तयारी दाखवली. आपण शेजाऱ्याच्या छताला गिलावा आणि रंग करून दिला तर ती मेहेरबानी नव्हे, ती भरपाई आहे. ज्याचे नुकसान झाले त्याचेही एक कर्तव्य आहे. मत्तयच्या अठराव्या अध्यायात प्रभूने घालून दिलेली रीत अशी की, आधी दोघांनीच एकांतात बोलावे. जिन्यात आवाज चढवण्यापूर्वी आणि तक्रारीचा अर्ज लिहिण्यापूर्वी एकदा वर जाऊन बेल वाजवावी. आणि वरचे कुटुंब निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धांचे असेल, त्यांना फरशी फोडण्याचा खर्च झेपणारा नसेल, तर धर्मग्रामातील शेजाऱ्यांनी तो वाटून घेण्यात कमीपणा कसला?

येथे एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. काही सालस मने अतिशंकेने ग्रासलेली असतात. दिसेल त्या डागाखाली त्यांना गळतीच दिसते. अशांनी सात दिवस थांबणारा तो याजक आठवावा. रोज फरशा फोडणे हा विवेक नव्हे. खूण दिसली, कोणी सांगितले, वास आला, तर मात्र पाहायचेच, इतकेच देव आपल्याकडून मागतो.

ट्रेंट येथील परिषदेने 1551 साली प्रायश्चित्त संस्कारातील पश्चात्ताप्याची तीन कर्मे सांगितली: पश्चात्ताप, पापनिवेदन आणि भरपाई. आपणांपैकी बहुतेकांची पहिल्या दोहोंशी चांगली ओळख असते. तिसरे तीन प्रार्थनांत आटोपते. पुढच्या वेळी पापनिवेदनास जाण्यापूर्वी आपण आपल्या अंतःकरणाबरोबर आपल्या जमिनीखाली राहणाऱ्या माणसांचीही आठवण करू या. त्यांच्या छताची आपण कधी विचारपूस केली आहे काय? केली नसेल, तर आज संध्याकाळी एक जिना उतरणे सर्वांनाच शक्य आहे.