वयाचा दंड

जुनी मोटार रस्त्यावर राहू द्यावी की नाही, हा वरवर परिवहन खात्याचा विषय आहे. त्याच्या मुळाशी मात्र दंडनीतीचा प्रश्न आहे: शिक्षा दोषाला व्हावी की वयाला?

परदेशात वापरलेली मोटार भारतात आणायची, तर आयात धोरणानुसार ती बनून तीन वर्षांहून जास्त काळ झालेला चालत नाही. या अटीची झळ परतणाऱ्या काही कुटुंबांना आणि मोजक्या शौकिनांना बसते. तोच विचार देशातल्या गाड्यांना लागू होतो, तेव्हा तो फुलंब्रीसारख्या तालुक्यात पोचतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. पुढे पासिंग करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली, मोटारसायकलची ३०० वरून १,०००. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी हेच आकडे दुप्पट झाले. राज्याचा पर्यावरण कर वेगळाच. मक्याची पोती आणि आजारी माणूस एकाच जीपमधून नेणाऱ्या घराला नवी गाडी हा पर्याय कागदावरच असतो.

वस्तू शेवटपर्यंत वापरणे हे भारतीय धर्मविचारात कंजूषपणाचे लक्षण मानलेले नाही. फुलंब्रीचा रस्ता पुढे सिल्लोडमार्गे अजिंठ्याला जातो. तिथल्या लेण्यांत बौद्ध भिक्षूंनी वर्षावास केला. भिक्षूंच्या आचारनियमांच्या ग्रंथात, विनयपिटकात, उदयन राजा बुद्धाचा शिष्य आनंद याला विचारतो, की दान मिळालेल्या इतक्या चीवरांचे करणार काय? उत्तर असे, की ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना ती वाटायची. जुन्यांचे पलंगपोस होतात, जुन्या पलंगपोसांच्या गाद्यांच्या खोळी, मग जमिनीवरचे अंथरूण, पायपुसणे, धूळ झटकायचे फडके. शेवटी चिंध्या चिखलात मळून जमीन सारवली जाते. प्रत्येक पायरीवर प्रश्न एकच असतो: ही वस्तू अजून कशाच्या उपयोगाची? तिला किती वर्षे झाली, हे कोणी विचारत नाही. खंडेनवमी-दसऱ्याला झेंडूचा हार घालतानाही गाडीचे वय पाहिले जात नाही.

अर्थात हाराने धूर कमी होत नाही. वयाच्या अटीच्या विरोधकांना अडचणीत आणणारा मुद्दा अहिंसेचाच आहे. जुने इंजिन दर किलोमीटरला भारत स्टेज सहाच्या इंजिनापेक्षा अधिक विष सोडते आणि ते श्वासात घेणारा बहुधा गाडीचा मालक नसतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०१५ ते २०१८ या काळात युरोप, जपान आणि अमेरिकेतून सुमारे १.४ कोटी वापरलेल्या हलक्या गाड्या निर्यात झाल्या; बहुतेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत गेल्या. केनियाने आठ वर्षांची मर्यादा घातली, ती आपण दुसऱ्यांचा उकिरडा होऊ नये म्हणून. ही भूमिका अन्यायाची म्हणता येत नाही.

तरीही वय हा दोषाचा केवळ अंदाज आहे. आठवडी बाजारापुरती निघणारी सोळा वर्षांची जीप वर्षभरात जेवढा धूर सोडते, त्याहून जास्त धूर रोज धावणारी तीन वर्षांची डिझेल गाडी सोडू शकते. शिवाय नियमांचा कल एकसारखा नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. अट एवढीच की त्या रोजच्या कामाला वापरायच्या नाहीत. मुंबईत मात्र शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरताच ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली. शौकिनाच्या गाडीचे म्हातारपण वारसा ठरते, पोट भरणारीचे भंगार.

वयाची अट सरकारला सोयीची आहे, कारण कागद पाहून निकाल देता येतो. धूर, ब्रेक, चासी तपासायला यंत्र आणि प्रामाणिक माणूस लागतो. म्हणून वयाच्या नियमाला नकार देणाऱ्याला कडक तपासणी स्वीकारावीच लागते: पीयूसी नावापुरती नको, आणि नापास झालेली गाडी, मग ती दोन वर्षांची का असेना, दुरुस्त होईपर्यंत उभी राहिली पाहिजे.